झाकण उघडण्याआधी

दोन अंकांपूर्वी या सदरात ऑनलाइन लिलावात मिळणाऱ्या महागड्या घड्याळांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे : एवढे पैसे लावतोय, फसलो तर पाठीशी कोण? त्यांतली चार पत्रं इथे घेते. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, माझे वडील ओमेगा कॉन्स्टेलेशन वापरायचे. १९८२ साली बहिणीच्या लग्नासाठी ते विकावं लागलं. पुढे त्यांनी मनगटाला घड्याळ बांधलंच नाही. आता मी साठीला आलोय. युरोपातल्या एका लिलावाच्या संकेतस्थळावर तसंच घड्याळ महिन्यातून एकदा तरी दिसतं : स्टीलचं, तारखेचं, उताराच्या कडांच्या डायलचं. वर्णनात 'मूळ स्थितीत, चालू' असतं आणि पानावर 'खरेदीदार संरक्षण' असा शिक्का असतो. सव्वा लाखापर्यंत जायची माझी तयारी आहे. संरक्षण असताना काळजीचं कारण आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. 'संरक्षण' वाचलं की आपल्याला वाटतं, घड्याळ चांगलं निघेल याची जबाबदारी कुणीतरी घेतली आहे. पण बहुतेक ठिकाणी तो शिक्का घड्याळासाठी नसतो, तुमच्या पैशांसाठी असतो. हॉलंडमधलं २००८ साली सुरू झालेलं कॅटाविकी घ्या. तुम्ही पैसे भरता, ते लगेच विक्रेत्याच्या हातात जात नाहीत. वस्तू तुमच्याकडे पोचली आणि तक्रारीची छोटी मुदत उलटली की मगच त्याला मिळतात. ईबेने २०२० मध्ये अमेरिकेत २,००० डॉलरच्या वरच्या घड्याळांसाठी आणखी एक टप्पा घातला. घड्याळ विक्रेत्याकडून आधी तपासनिसाच्या टेबलावर जातं, तिथे ते जाहिरातीतल्या वर्णनाशी ताडून पाहतात आणि मग ते तुमच्याकडे येतं. दोन्ही सोयी चांगल्या आहेत. फक्त तपासणीची सोय प्रत्येक देशातल्या विक्रेत्याला आणि प्रत्येक पत्त्याला लागू नसते. ज्या लॉटवर, म्हणजे लिलावातल्या वस्तूवर, बोली लावणार, त्याच लॉटच्या पानावर ती लिहिलेली आहे का ते बघा.

खरी अडचण 'वर्णनाशी ताडून' या दोन शब्दांत आहे. वर्णनात जे लिहिलेलं असतं, तेवढ्याचंच तुम्हाला संरक्षण. 'मूळ स्थितीत' म्हणजे काय मूळ? केस, डायल, काटे, मशीन, चावी, की नुसता पट्टा? यातलं काहीच ठरलेलं नसेल तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. गिरगावात बाबांच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात मी अकरावीत असताना बसायला लागले, तेव्हापासून डोळ्याला भिंग आहे. २०१६ साली एका नावाजलेल्या संकेतस्थळावरून ओमेगा सीमास्टर घेतलं, बासष्ट हजारांना. घड्याळ आलं, कानाला लावलं, तर ठोका अडखळत होता. माझ्या जागी कुणीही घड्याळ दुरुस्त करणारी बाई असती तर तिने जे केलं असतं तेच मी केलं. झाकण उघडलं. आत मशीन ओमेगाचंच होतं, पण त्याच्यावरचा अनुक्रमांक केसच्या काळाशी वीसेक वर्षांनी विसंगत होता. दोन स्क्रू भलत्याच मशीनचे. फोटो काढून तक्रार केली. उत्तर आलं : खरेदीदाराने घड्याळ उघडलेलं आहे, आत आधी काय होतं आणि नंतर काय बदललं हे आता ठरवता येणार नाही. पैसे गेले. त्या उत्तरात तथ्य होतं, हेच मला जास्त लागलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

घड्याळाच्या खरेदीतला पेच हा आहे. घड्याळ खरं आहे का ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडलं की तक्रारीचा हक्क ढिला होतो. म्हणून उघडण्याचं काम बोलीच्या आधी आणि विक्रेत्याच्या हातून व्हायला हवं. त्याला संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच लिहा. व्हॉट्सअॅपवर नको, खाजगी ईमेलवर नको. म्हणजे त्याचं उत्तर वर्णनाचा भाग असल्यासारखं पुढे दाखवता येतं. उघड्या मशीनचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा, डायलचा अगदी जवळून आणि चावीचा बाजूने काढलेला फोटो मागा. 'डायल पुन्हा छापलेली आहे का? मशीन याच केसचं आहे का?' असे सरळ प्रश्न विचारा. 'उघडायचं हत्यार नाही' असं उत्तर आलं, तर आतलं मशीन मूळ नाहीच असं धरून भाव करा. मी तर बोलीच लावणार नाही.

फोटो आले की काय बघायचं, तेही सांगते. तुम्ही वर्णन केलंय तसं तारखेचं कॉन्स्टेलेशन बहुधा साठच्या दशकातलं १६८.००५ क्रमांकाचं मॉडेल असणार. हा आकडा झाकणाच्या आत कोरलेला असतो आणि आत कॅलिबर ५६१ हे मशीन असायला हवं. बिनतारखेच्या भावंडाचा आकडा १६७.००५, मशीन ५५१. झाकण १६७ चं आणि डायलवर तारखेची खिडकी, असं असेल तर दोन घड्याळांचं मिळून एक केलेलं आहे. झाकणाच्या बाहेर वेधशाळेचं चित्र आणि वर आठ तारे असतात. बेफाम पॉलिश केलेल्या घड्याळात ते चित्र साबणासारखं झिजलेलं दिसतं आणि केसच्या धारा गोल झालेल्या असतात. चावी दहा पैलूंची हवी. डायलच्या उतारावर मिनिटांच्या रेघा मोडल्यासारख्या दिसत असतील, 'क्रोनोमीटर'ची अक्षरं जाडसर आणि फुगलेली असतील, तर ते छपाईचं काम नंतरचं आहे.

काटे किंवा खुणा अंधारात चमकतात का, हेही विचारा. डायलच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन बाजूंना इंग्रजी 'टी' असेल तर तिथे ट्रिशियम आहे. ट्रिशियमचा जोर दर बारा वर्षांनी निम्मा होतो. साठ वर्षांपूर्वीचं ट्रिशियम आज चमकूच शकत नाही. चमकत असेल तर रंग नवा आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. परदेशातले शौकीन 'मुंबई स्पेशल' हा शब्द शिवीसारखा वापरतात : आपल्याकडे डायल रंगवून, इकडचंतिकडचं मशीन घालून बाहेर विकलेली जुनी फाव्हर-ल्यूबा, वेस्ट एंड, सायको. ते वाचून मला वाईट वाटतं, कारण रिडायलचं काम बाबाही करून घेत. गिऱ्हाईक म्हणायचं, 'डायल काळी पडली, नवी करून द्या', आणि ती नवी करून दिली जायची. बिलावर तसं लिहिलेलं असायचं. डायल रंगवण्यात लबाडी नव्हती, रंगवलेली डायल 'मूळ' म्हणून विकण्यात आहे. तेव्हा रिडायल दिसली की घड्याळ टाकून देऊ नका. भाव मात्र रिडायलचाच द्या.

आणि हे फक्त छोट्या संकेतस्थळांवर घडतं असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात १९५७ च्या घडणीचं ओमेगा स्पीडमास्टर, २९१५-१, विकलं गेलं. अंदाज ८०,००० ते १,२०,००० फ्रँकचा होता, शुल्कासकट किंमत गेली ३१,१५,५०० स्विस फ्रँकवर. खरेदी ओमेगाच्या स्वतःच्या संग्रहालयासाठी होती. जून २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं घड्याळ आहे आणि त्यात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. भाग ओमेगाचे असले तरी घड्याळ खरं होत नाही, ते यावरून समजा. बनवणाऱ्या कंपनीलाही फसवता येतं, तर तीन फोटो बघून आपण छातीठोकपणे काही सांगू नये.

आता समजा सगळं जुळलं आणि बोली तुमची ठरली. विक्रेता लिहील, 'संकेतस्थळाचं शुल्क वाचवू, थेट बँकेत पाठवा, पाच टक्के कमी करतो.' नाही म्हणा. व्यवहार बाहेर गेला की शिक्क्याचं संरक्षण त्याच क्षणी संपतं.

कुरियरबद्दल विचारायचं बहुतेक लोक विसरतात. विमानाने येणारा माल हरवला आणि किंमत आधी जाहीर केलेली नसली, तर भरपाई वजनावर ठरते. मॉन्ट्रियल करारातली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून किलोला २६ एसडीआर आहे. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशोबी एकक. रुपयांत सांगायचं तर किलोला तीन हजारांच्या आसपास. तुमचं घड्याळ खोक्यासकट अर्धा किलो भरेल. म्हणून पूर्ण किमतीचा विमा हवा, आणि त्या विम्यात घड्याळं वगळलेली नाहीत हे लेखी हवं.

कुणी 'कस्टमसाठी गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो' म्हणालं तर तेही नको. टपालाने किंवा कुरियरने 'भेट' म्हणून माल सोडवून घेण्याची सवलत २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद. किंमत खोटी दाखवली तर सीमाशुल्क कायद्याखाली माल जप्त होऊ शकतो, आणि विमाही त्या खोट्या किमतीएवढाच मिळतो.

या सगळ्याआधीची एक अडचण आहे आणि ती विक्रेता तुम्हाला सांगणार नाही. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर जुन्या, वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित प्रकारात मोडते, म्हणजे तिला परवानगी लागते. साठ वर्षांपूर्वीचं घड्याळ परदेशातून कुरियरने मागवणं म्हणजे मिक्सर मागवणं नव्हे. बोली लावण्याआधी कस्टम ब्रोकरला लॉटचं पान दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या.

खरं सांगू का? मी तुमच्या जागी असते तर युरोपात बघितलंच नसतं. तुमच्या वडिलांनी १९८२ मध्ये विकलेलं घड्याळ इथेच कुणाच्या तरी कपाटात असेल. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे आलेली कॉन्स्टेलेशन आजही मुंबई-पुण्यात, इंदुरात, हैदराबादेत घराघरांतून निघतात. ती हातात घेऊन बघता येतात, कानाला लावता येतात, विक्रेत्यासमोर झाकण उघडता येतं. वडिलांच्या घड्याळाचं बिल किंवा दुरुस्तीची जुनी पावती घरात सापडली तर त्यावर अनुक्रमांक असू शकतो. आधी ती शोधा.

प्रश्न : मी श्टुटगार्टमध्ये नोकरी करते. ईबेवरच्या लिलावात एका घड्याळविक्रेत्याकडून टॅग ह्यूअर जिंकलं, १,४०० युरोला. घड्याळ ठीक आहे, पण मनगटावर फार मोठं दिसतं. पाच दिवस झालेत. परत करायचं म्हटलं तर विक्रेता म्हणतो, लिलावात घेतलेली वस्तू परत घेत नाही. त्याचं बरोबर आहे का?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : तो दुकानदार असेल तर बरोबर नाही, आणि हे तुमच्याच शेजारी, कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ३ नोव्हेंबर २००४ ला सांगून ठेवलं आहे. खटला घड्याळाचा नव्हता, हिऱ्यांच्या ब्रेसलेटचा होता. व्यापाऱ्याने ते ईबेवर १ युरोपासून बोलीला लावलं होतं. जिंकणाऱ्याने नको म्हटलं, व्यापारी कोर्टात गेला आणि हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की हातोडा मारून पुकारा करणारा माणूस तिथे नाही. ठरलेली वेळ संपली की करार होतो, म्हणजे तो जर्मन कायद्यातला लिलाव नाहीच, ती दुरून केलेली साधी विक्री आहे. त्यामुळे ग्राहकाला कारण न देता माघार घेण्याचा हक्क मिळतो. आज तो वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांचा आहे.

हा हक्क व्यावसायिक विक्रेत्याविरुद्धच आहे. विक्रेत्याच्या पानावर तो 'गेवेर्ब्लिश' (व्यावसायिक) आहे की 'प्रिव्हाट' (खाजगी) हे लिहिलेलं असतं, त्याचा आत्ताच स्क्रीनशॉट काढा. खाजगी माणसाने 'परत घेणार नाही' लिहिलं असतं तर ते चाललं असतं. मात्र वर्णनात धडधडीत खोटं लिहिलं असेल तर त्यालाही त्या ओळीआड लपता येत नाही.

आजच माघारीचं पत्र लेखी पाठवा. फोनवर सांगितलेलं नंतर सिद्ध करणं अवघड जातं. घड्याळ घालून फिरू नका, पट्ट्याच्या कड्या काढल्या असतील तर त्या त्याच पिशवीत ठेवा, प्लास्टिकची पट्टी सोललेली नसेल तर सोलू नका. दुकानात जेवढं हाताळून बघतो त्यापलीकडच्या वापरामुळे किंमत उतरली, तर तेवढे पैसे कापायचा विक्रेत्यालाही हक्क आहे. परत पाठवल्याची पावती जपून ठेवा.

तुम्ही न्यूयॉर्कमध्ये असतात तर माझं उत्तर वेगळं असतं. इतर देशांतल्या वाचकांनी हे आपल्याला जसंच्या तसं लावून घेऊ नये.

प्रश्न : बाबांच्या साठीला रोलेक्स जीएमटी-मास्टर १६७५ घ्यायचं ठरलंय. मुंबईतल्या एका लिलावसंस्थेच्या ऑनलाइन लिलावात एक आहे. बोली साडेनऊ लाखांवर थांबली तर हातून एकूण किती जातील? 'अस्सलपणाची पाच वर्षांची हमी' पुरेशी आहे का? मागच्या लिलावात एकच बोलीदार शेवटपर्यंत भाव चढवत होता आणि नंतर तीच वस्तू पुन्हा विक्रीला आली. तो विक्रेत्याचाच माणूस असेल तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हातोड्याची किंमत, म्हणजे जिंकलेली बोली, ही तुमची किंमत नव्हे. तिच्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे संस्था खरेदीदाराकडून घेते ते शुल्क, असतो. त्याचा दर संस्थेच्या अटींत लिहिलेला असतो. समजा तो २० टक्के आहे, तर साडेनऊ लाखांवर एक लाख नव्वद हजार. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३४,२०० रुपये. घड्याळावरचा जीएसटी लॉट कुणाचा आहे त्यावर ठरतो, तो वेगळा विचारा. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो वाया जात नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच आणि पॅन द्यावा लागतो. हा हिशोब मांडून झाला की कागदावर एकच आकडा लिहा आणि बाबांच्या आनंदासाठीसुद्धा त्याच्या वर जाऊ नका. लिलावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत शहाणी माणसंही वाहवत जातात.

हमीबद्दल : पाच वर्षं हा जगभरच्या मोठ्या संस्थांचा रिवाज आहे. पण हमी कशाची, ते वाचा. क्रिस्टीजच्या अटी उदाहरणादाखल घेते, कारण त्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत. हमी लॉटच्या शीर्षकात मोठ्या अक्षरांत जे छापलेलं आहे त्याचीच. खालच्या परिच्छेदातल्या मजकुराची नाही. ती मूळ खरेदीदारालाच, घड्याळ पुढे कुणाला दिलं तर त्याच्याबरोबर जात नाही. आणि घड्याळांसाठी तर वेगळं कलमच आहे : जवळजवळ प्रत्येक घड्याळ कधी ना कधी दुरुस्त झालेलं असतं, त्यात मूळ नसलेले भाग असू शकतात, आणि एकेका भागाच्या अस्सलपणाची हमी आम्ही देत नाही. १६७५ च्या किमतीत डायल, काटे आणि ती लाल-निळी रिंग यांचा मोठा वाटा असतो, आणि नेमकं तेच हमीबाहेर. तुमच्या संस्थेच्या अटींत हे कलम कसं लिहिलंय ते बघा आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे घड्याळाच्या स्थितीचा अहवाल, लेखी मागा. पावती बाबांच्या नावावर घ्या, म्हणजे हमी त्यांची राहील.

लॉट मुंबईतच, पुण्याजवळ आहे याचा फायदा घ्या. लॉट बघायची वेळ मागा आणि ओळखीचा जाणकार बरोबर न्या. १६७५ चा मॉडेल क्रमांक बाराच्या बाजूला आणि अनुक्रमांक सहाच्या बाजूला, पट्टा काढल्यावर केसवर दिसतो. तो त्यांच्या माणसाला काढायला सांगा, तुम्ही हात लावू नका. कोरीव रेघा धारदार आणि चकाकत्या हव्यात. अॅसिडने खाल्ल्यासारख्या ठिपक्याठिपक्यांच्या असतील तर उठून या. खोका आणि कागद बघून हुरळू नका, रिकामे खोके आणि जुनी कार्डं स्वतंत्र विकली जातात. अनुक्रमांक मिळाला की लंडनच्या वॉच रजिस्टरकडे शुल्क भरून तपासून घ्या. तिथे चोरीच्या आणि हरवलेल्या घड्याळांची नोंद असते. आपल्या मालविक्री कायद्यात, १९३० च्या, कलम २७ आहे : ज्याची मालकी नाही त्याच्याकडून घेतलेल्याला मालकी मिळत नाही. तुम्ही कितीही प्रामाणिकपणे घेतलं असलं तरी मूळ मालक दारात उभा राहू शकतो. मग तुम्हाला विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं.

खोट्या बोलीवर त्याच कायद्याचं कलम ६४ आहे. विक्रेत्याने बोली लावायचा हक्क आधी जाहीर करून राखून ठेवलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावणं बेकायदा आहे, आणि भाव चढवायला लुटुपुटूची बोली लावली असेल तर ती विक्री रद्द करायचा पर्याय खरेदीदाराला आहे. सिद्ध करणं अवघड असतं. बोलींची यादी, वेळा आणि बोलीदारांचे क्रमांक यांचे स्क्रीनशॉट लिलाव चालू असतानाच काढून ठेवा, नंतर ते पान दिसत नाही. तुम्ही सांगितलेला प्रकार वाचून मी त्या विक्रेत्याच्या लॉटला हात लावला नसता.

वाद झालाच तर आधी संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं तर ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगात चालतं, तेही तुम्ही राहता त्या पुण्यात, मुंबईला खेपा घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. मात्र तुम्ही वापरायला घेताय म्हणून हे दार उघडं आहे. चढ्या भावाने विकण्यासाठी घेणारा या कायद्यात ग्राहक नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवरच्या 'लाइव्ह लिलावात' रोलेक्स ४२ हजारांना लागलं. निम्मे पैसे यूपीआयने दिले. आता तो विम्याचे आणखी ८,५०० मागतोय, ते भरले की घड्याळ निघेल म्हणतो. भरू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भरू नका. हे मी तुम्हाला पत्र मिळालं त्याच दुपारी फोनवर सांगितलं, इथे इतरांसाठी लिहिते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची. जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, समोरच्याचा आयडी आणि चॅट हाताशी ठेवा. बँकेलाही त्याच दिवशी कळवा. त्याला ब्लॉक करू नका आणि चॅट पुसू नका, पोलिसांना ते लागेल. काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन येईल. तो बहुधा त्याच टोळीचा असतो.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो भिंगाखाली पाहिले. तो म्हणतो एकच घड्याळ आहे, पण पहिल्या फोटोत तारखेवरच्या काचेला भिंग आहे आणि दुसऱ्यात काच सपाट आहे. दोन्ही प्रिंट तक्रारीला जोडा आणि तो फरक लाल पेनाने गोल करून द्या.